अडगळीला पत्ता हवा

दिवाळी तोंडावर आली की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत जे एक मोठे स्थित्यंतर घडून येते, त्याची नोंद कोणत्याही इतिहासकाराने घेतलेली नाही. वर्षभर माळ्यावर, पलंगाखाली आणि कपाटाच्या डोक्यावर निवांत पहुडलेल्या वस्तू त्या आठवड्यात एकाएकी खाली उतरतात. बंद पडलेला मिक्सर, काटा हरवलेले घड्याळ, तीन पिढ्यांचे मोबाइल व त्यांच्या वायरींचा गुंता, मुलाला आखूड झालेली शाळेची पँट, कान तुटलेल्या कपबश्या, काळ्या पडलेल्या ट्यूबलाइटच्या नळ्या, मुदत संपलेली औषधे, आणि 'केव्हातरी उपयोगी पडेल' या एकाच आशेवर जतन केलेले रिकामे खोके! अंगणात वा गॅलरीत त्यांचा ढीग होतो, आणि मग घरातील वडीलधारी मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. टाकायचे हे ठरले. परंतु द्यायचे कोठे?

हा प्रश्न पहिल्या पानावरच्या अग्रलेखाचा विषय व्हावा इतका मोठा आहे काय, असे कोणी सुज्ञ वाचक विचारील. आमचे उत्तर असे की, युद्धे आणि अंदाजपत्रके यांविषयी आम्ही लिहितो तेव्हा वाचकाच्या हातात करण्यासारखे फारसे काही नसते. येथे सारेच त्याच्या हातात आहे. हातातले खाली ठेवायला जागा तेवढी नाही. अडगळीला पत्ता नाही, हे आमच्या लहान नगरांचे एक खरे दुखणे आहे. इगतपुरीच्या निमित्ताने त्याचा थोडा विस्ताराने विचार करावा, असे आम्हांस वाटते.

आमचा मूळचा पेशा मास्तरकीचा, त्यामुळे शब्दांचा कीस काढण्याची खोड अद्याप गेलेली नाही. वस्तू आहे त्याच रूपात दुसऱ्याने वापरणे हा पुनर्वापर. ती मोडून, वितळवून वा लगदा करून तिची नवी वस्तू घडविणे ही पुनर्निर्मिती. आणि यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हा ती निरुपद्रवी होईल अशी व्यवस्था लावणे ही विल्हेवाट. या तीन वेगळ्या वाटा आहेत. आमच्याकडे तिन्हींना मिळून 'कचरा' हा एकच शब्द आहे, आणि एकच शब्द असल्यामुळे एकच डबा आहे. गोंधळाचे मूळ काही अंशी येथेच आहे.

मागच्या पिढ्यांत हा गोंधळ नव्हता. बोहारीण दारात बसे आणि जरीच्या जुन्या लुगड्याला पितळी पातेले द्यायचे की नुसती वाटी, यावर दोन्ही बाजूंनी तासभर वाद चाले. कल्हईवाला भात्याचा आवाज करीत गल्लीच्या तोंडाशी बसे आणि नवसागराच्या धुरात काळवंडलेली भांडी चांदीसारखी उजळून देई. पिंजारी गादीचा गोळा झालेला कापूस पुन्हा पिंजून देई. जीर्ण पातळांची गोधडी होई, गोधडीचे पोतेरे होई, आणि पोतेरे झिजून झिजून नाहीसे होई. रद्दीच्या पुड्यांतून वाण्याकडची डाळ घरी येई. मुंबईत आरेच्या दुधाची काचेची बाटली रोज रिकामी परत जाई, तेव्हाच भरलेली हाती पडे. संत गाडगेबाबांना त्यांचे नावच मुळी हातातल्या मातीच्या गाडग्यावरून मिळाले. गावोगाव रस्ते झाडणारा हा महापुरुष आपल्या अन्नासाठी त्याहून अधिक भांडीकुंडी बाळगीत नव्हता.

परंतु या आठवणींनी गहिवरून जाण्याचे कारण नाही. जुनी व्यवस्था आम्ही सद्गुणी होतो म्हणून चालत नव्हती; वस्तू दुर्मिळ होत्या, आणि त्या उचलणाऱ्या माणसांचे श्रम कवडीमोल होते, म्हणून ती चालत होती. बोहारणीला आम्ही दाराच्या आत घेतले नाही. कचरा वेचणाऱ्या बाईच्या पोत्यात काय आहे याची चौकशी आम्ही केली ती केवळ चोरीच्या संशयाने. या स्त्रिया बहुसंख्येने कोणत्या जातींतून आल्या, हे सांगण्याची गरज नाही. तेव्हा जुने दिवस परत आणा, असे आमचे म्हणणे नाही. त्या व्यवस्थेतील एक सूत्र मात्र घेण्याजोगे होते: घेणारा माणूस ठरलेला होता, त्याची वेळ ठरलेली होती, आणि काय घेणार व काय नाही हे दोघांनाही ठाऊक होते.

आज त्या परंपरेचा एकच वारस उरला आहे, तो म्हणजे भंगारवाला. त्याच्या काट्याइतका प्रामाणिक परीक्षक या विषयात दुसरा नाही. तांबे, पितळ, लोखंड, पत्रा, जर्मनची भांडी, पुठ्ठा, वर्तमानपत्रे, तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्या हे सारे तो घेतो, आणि पदरचे पैसे देऊन घेतो. त्यास कोणी पर्यावरणाचे प्रवचन दिलेले नाही. जुन्या ॲल्युमिनियमपासून पुन्हा ॲल्युमिनियम करावयास खनिजापासून करण्याच्या मानाने अवघी पाच टक्के ऊर्जा पुरते, आणि म्हणूनच चेपलेल्या पातेल्यालाही भाव आहे. ज्या वस्तूला भाव आहे ती आपल्या पायांनी चालत जाते. तिच्यासाठी सरकारी योजनेची आवश्यकता नाही.

खरा प्रश्न काट्याने नाकारलेल्या वस्तूंचा आहे. चिवड्याचे वा वेफरचे चकचकीत पाकीट घ्या. प्लॅस्टिक व धातूचा वर्ख यांचे पातळ थर त्यात एकमेकांस असे चिकटविलेले असतात की, ते सुटे करण्याचा खर्च मालाच्या किमतीहून अधिक होतो. थर्मोकोलमध्ये मुख्यतः हवाच असते; ट्रक भरून नेला तरी वजन भरत नाही. फुटकी काच जड, धारदार आणि स्वस्त. मेलामाइनची बशी एकदा घडली की पुन्हा वितळत नाही. चहाचा 'कागदी' पेला कागदाचा म्हणून रद्दीत टाकावा, तर त्याच्या आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. आणि याहून अवघड अशी एक जात आहे, जी नुसती निरुपयोगी नव्हे, तर घातकही आहे: पाऱ्याची वाफ कोंडलेल्या नळ्या, मोडका तापमापक, चेपल्यास पेट घेणारी मोबाइलची बॅटरी, उरलेली औषधे. भंगारवाला यांना शिवत नाही, त्याचे बरोबरच आहे. मग ती घंटागाडीत जातात. आणि घंटागाडी वेळेवर आली नाही तर कोठे जातात, ते कोणत्याही ओढ्याच्या काठी पाहावे.

आता इगतपुरीकडे वळू. नाशिकपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, थळ घाटाच्या माथ्यावर वसलेले हे गाव. मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यास मागून जोडलेली जादा इंजिने येथे सुटतात, तेवढ्यात उतारू चहा पिऊन घेतात. हा रिवाज घाटातला लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला तेव्हापासूनच्या पिढ्यांनी पाळला आहे. गावाची वस्ती २०११ च्या जनगणनेत तीस हजारांच्या आसपास होती. परंतु पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भावली धरणाच्या काठी, घाटनदेवीपाशी आणि धबधब्यांच्या वाटेवर जी मोटारींची रीघ लागते, ती कोणत्याही जनगणनेत मोजलेली नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि मुंबईकराला हे गाव आणखी जवळ आले. पाहुणा येतो, निसर्ग पाहून धन्य होतो आणि पाकिटे टाकून जातो. धम्मगिरीवर दहा दिवस मौन पाळून परतणारा साधकदेखील स्टेशनवर पाण्याची बाटली विकत घेतोच. तिचे पुढे काय व्हावे, याचे उत्तर विपश्यनेत मिळत नाही.

या गावाच्या दोन गोष्टी अशा आहेत की, त्यांमुळे येथील अडगळीचा प्रश्न केवळ येथील रहिवाशांचा राहत नाही.

पहिली गोष्ट पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. या चार महिन्यांत इगतपुरीत 'सुका कचरा' हा शब्दच मुळी थट्टेचा विषय होतो. ओल्या रद्दीला भाव नाही. भिजलेला पुठ्ठा कुजतो, चिखल लागलेली पिशवी कोणी घेत नाही, आणि ज्या मालाला जानेवारीत काट्यावर मान होता तोच जुलैत कचरा ठरतो. मैदानावरच्या शहरांसाठी केलेल्या योजना येथे जशाच्या तशा लागू करणारांनी ही गोष्ट ध्यानात घेतलेली दिसत नाही. नाशिकला उघड्यावर ठेवलेला पिंजरा चालेल. इगतपुरीला पक्के छप्परच हवे.

दुसरी गोष्ट पाणी. हा तालुका पाणलोटाच्या माथ्यावर आहे. येथल्या उर्ध्व वैतरणा धरणाचे पाणी पश्चिमेकडे मुंबईची तहान भागवते. दारणा येथल्याच कुलंगच्या डोंगरात उगम पावून पूर्वेकडे जाते, गोदावरीस मिळते आणि नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीतून पुढे जायकवाडीच्या नाथसागरात पोचते. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० साली ज्या नांदूरमधमेश्वराचा गौरव झाला, ते हेच. आणि आम्हां नाशिककरांच्या नळाला मुकणे धरणाचे पाणी येते, तेही या तालुक्यातले. म्हणजे भावलीच्या काठी भिरकावलेली पिशवी ही मराठवाड्याच्या वाटेला लागलेली पिशवी असते. इगतपुरीच्या नगरपालिकेने हा भार एकटीने वाहावा, असे म्हणण्याचा अधिकार मग आम्हांस उरतो काय? तिच्या डोंगरावरचे पाणी आम्ही पितो. तिच्या छपराच्या खर्चात आम्ही वाटा उचलला, तर तो उपकार ठरणार नाही.

कायद्यांची मात्र उणीव नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक अशी तीन वेगवेगळी वर्गवारी सांगितली. त्यांची जागा घेणाऱ्या नव्या नियमांनी, ज्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख मुक्रर झाली, ती चारांवर नेली. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली प्लॅस्टिकबंदी जारी केली, तीत दुधाची रिकामी पिशवी परत आणणाऱ्यास पन्नास पैसे देण्याची तरतूद होती. कल्पना उत्तम होती. पण ते पन्नास पैसे गल्लीतल्या दुकानाच्या फळीवर खुळखुळताना आम्हांस आढळले नाहीत. याउलट मोटारीच्या बॅटरीचे पाहा. २००१ सालच्या नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले, आणि आज जुनी दिल्यावाचून नवी घेणारा गिऱ्हाईक मूर्ख समजला जातो. शिशाला भाव आहे हे त्याचे एक कारण खरे. परंतु ती कोठे द्यायची हे प्रत्येकाला पाठ आहे, हे दुसरे कारण तितकेच खरे. जेथून घेतली तेथेच!

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' ही मोहीम काढली. जुने कपडे, पुस्तके, खेळणी, भांडी लोकांनी आणून द्यावीत यासाठी देशभरच्या शहरांत 'आरआरआर' नावाची केंद्रे उघडली गेली. फिती कापल्या गेल्या, छायाचित्रे निघाली, आणि ५ जूनच्या पर्यावरणदिनी मोहिमेची सांगता झाली. मोहिमेची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही; काही ठिकाणी तिने चांगले काम केले. परंतु अडगळीला मोहिमेची तारीख ठाऊक नसते. मिक्सर जळतो तो आपल्या वेळेला जळतो. लोकांना तीन आठवड्यांचा उत्साह नको आहे. बारा महिने उघडे असणारे दार हवे आहे, आणि त्या दाराशी 'हे येथे चालेल, ते नाही' असे सांगणारा एक माणूस हवा आहे. स्वच्छ सर्वेक्षणाच्या क्रमांकासाठी भिंतींवर सुविचार रंगविण्यात आमच्या कित्येक नगरपालिकांनी जो रंग खर्ची घातला, त्याच्या एका डब्यात या दाराची पाटी लिहून झाली असती.

लोक आणून देणार नाहीत, ही तक्रार आम्हांस मान्य नाही. नाशिककरांपुरते बोलायचे, तर गणेशविसर्जनाच्या दिवशी गोदावरीकाठी 'देव द्या, देवपण घ्या' म्हणून तरुण मुले टेबले मांडून उभी राहू लागली, तेव्हा धर्मश्रद्धेला हात घातला म्हणून कुरकुर झालीच होती. पण लोकांनी मूर्ती दिल्या, निर्माल्य दिले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच टेबलाशी आले. घेणाऱ्या मुलांनी मूर्ती दोन्ही हातांनी, आदराने घेतली, हे त्यातले मर्म होय. जो समाज आपला देव विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देतो, तो आपला जळालेला दिवा देणार नाही काय?

आणि लहान नगरपालिकेला हे झेपणार नाही, ही दुसरी तक्रारही तपासून पाहण्यासारखी आहे. सिंधुदुर्गातले वेंगुर्ले इगतपुरीहून लहान. २०११ साली वस्ती बारा हजारांच्या घरात. २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत तेथील नगरपरिषदेने, मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने, घरातूनच वेगळा केलेला कचरा घेण्याचा आग्रह धरला. कचरा डेपो होता त्या ठिकाणी कागद, काच, पत्रा, निरनिराळ्या जातींचे प्लॅस्टिक वेगळे रचले जाऊ लागले. प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात गेला. ओल्याचा गॅस झाला. आणि दुर्गंधीमुळे नाक दाबून ओलांडावी लागणारी ती जागा इतर गावांचे लोक पाहावयास येऊ लागले. पाचगणीनेही आपल्या जुन्या कचराभूमीचे असेच रूपांतर करून दाखविले. ही दोन्ही पर्यटकांची गावे आहेत, दोन्हींत पाऊस दांडगा आहे. इगतपुरीने नमुन्यासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याऐवजी यांच्याकडे पाहावे.

पुण्याकडून मात्र एक गोष्ट जरूर घ्यावी. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली कचरा वेचणाऱ्या स्त्रियांची जी संघटना उभी राहिली, तिचे नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' असे आहे. आपण भीक मागत नाही, चोरी करीत नाही, शहराचे काम करतो, हे त्यांनी प्रथम पुणेकरांच्या आणि मग महापालिकेच्या गळी उतरविले. महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळविली, आणि त्यांतूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जन्मास आली. २००८ सालच्या करारान्वये ती पुण्यात दारोदार कचरा गोळा करू लागली. घरमालकाने महिन्याला ठरलेले शुल्क द्यावे, आणि विकण्याजोगा माल विकून येणारे पैसे त्या स्त्रियांनी ठेवावे, असा तो व्यवहार. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे हाताळणाऱ्या बाईला पुडीत काय आहे ते उघडल्यावाचून कळेल, ही साधी युक्ती याच स्त्रियांच्या अनुभवातून निघाली. कोणत्याही तज्ज्ञ समितीच्या अहवालाहून ती आम्हांस मोलाची वाटते. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांच्या नेतृत्वाखाली असेच काम केले. इगतपुरीत जे छप्पर उभारावयाचे ते चालविण्याचा पहिला हक्क गावातल्या वेचणाऱ्या स्त्रियांचा आणि भंगाराचा धंदा करणारांचा असावा. बाहेरच्या ठेकेदारास काम देऊन यांच्या पोटावर पाय देणारी स्वच्छता आम्हांस नको.

आता दूरचे एक उदाहरण. जपानमध्ये तोकुशिमा प्रांतात कामिकात्सू नावाचे डोंगराळ खेडे आहे. वस्ती जेमतेम दीड हजार. तेथे कचऱ्याची गाडी फिरतच नाही. गावकरी आपला कचरा धुऊन, वाळवून स्वतः एका केंद्रावर आणतात आणि चाळीसहून अधिक प्रकारांत लावून ठेवतात. २००३ साली त्यांनी 'शून्य कचरा' असा संकल्प सोडला. तो पूर्णांशाने तडीस गेला नाही, तरी सुमारे ऐंशी टक्के माल ते पुन्हा उपयोगात आणतात. त्याच केंद्राला लागून एक दुकान आहे, जेथे आपल्याला नको असलेली पण धड वस्तू ठेवायची आणि हवी असेल त्याने ती फुकट न्यायची. चाळीसहून अधिक प्रकार ऐकून आमच्या वाचकांस घाम फुटेल, आणि तसे काही येथे सुचविण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु शेजारचे ते लहानसे दुकान मात्र मनात भरते. इगतपुरीत शाळा सुरू होण्याच्या आधी, जून महिन्यात, आखूड झालेले गणवेष, मागल्या इयत्तेची पुस्तके आणि चांगली दप्तरे एका फळीवर मांडली गेली तर किती आईबापांची काळजी हलकी होईल, हे शाळेत आयुष्य काढलेल्यास निराळे सांगावे लागत नाही.

कपड्यांविषयी मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या तालुक्यात ठाकर व महादेव कोळी यांचे पाडे पुष्कळ आहेत, आणि जुन्या कपड्यांचे गाठोडे पाड्यावर टाकून समाधानाने परतणारी मोटार हे परिचित दृश्य आहे. त्या गाठोड्यात बटणे तुटलेले सदरे असतात, विटलेले पार्टीचे झगे असतात. हे दान नव्हे. ही आपली अडगळ दुसऱ्याच्या अंगणात लोटणे होय. १९९९ साली अंशु गुप्ता यांनी सुरू केलेल्या 'गूंज' या संस्थेने यावर उत्तम तोडगा काढला. गावकऱ्यांनी आपल्या गावासाठी विहीर, बांध वा रस्ता असे काही काम करावे आणि निवडलेले, नीट केलेले कपडे त्या श्रमाचा मोबदला म्हणून स्वाभिमानाने घ्यावेत, अशी तिची रीत. फाटके कापड निराळे काढून त्याचा निराळा उपयोग करायचा. आपण जे आपल्या भावाच्या हाती देणार नाही ते पाड्यावर देऊ नये.

पाहुण्यांच्या बाटल्यांसाठी तमिळनाडूतील निलगिरी जिल्ह्याचे उदाहरण समोर आहे. मद्याच्या फुटक्या बाटल्यांनी जंगलातल्या हत्तींचे पाय कापले जाऊ लागले, तेव्हा मद्रास उच्च न्यायालयाने लक्ष घातले, आणि २०२२ पासून तेथील सरकारी मद्यदुकानांत प्रत्येक बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी परत आणल्यावर ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. जर्मनीने हेच २००३ पासून पेयांच्या बाटल्यांना व डब्यांना लावले आहे. आमची जुनी आरेची बाटली याच न्यायाने फिरत होती. धरणाच्या काठी, धबधब्याच्या वाटेवर बाटली वा पाकीट घेऊन जाणाऱ्या प्रत्येक मोटारीकडून नाक्यावर अनामत घ्यावी आणि रिकामे दाखविल्यावर ती परत करावी, असे आम्ही सुचवितो. गर्दी होईल, कुरबूर होईल. पण ज्याला इगतपुरीचा पाऊस पाहण्यासाठी दीडशे किलोमीटर यावेसे वाटते, तो पाच मिनिटे थांबेल. डोंगरउतारावर उभ्या राहिलेल्या हॉटेलांकडूनही त्यांच्या कचऱ्याच्या मानाने निराळी आकारणी व्हावी. घरपट्टी भरणाऱ्या रेल्वे-पेन्शनराने त्यांच्या रिकाम्या बाटल्यांचा भार का सोसावा?

तेव्हा नगरपालिकेकडे आमचे मागणे मोठे नाही. स्टेशन वा बाजारपेठेच्या चालत जाण्याच्या अंतरात एक पक्क्या छपराची, जमिनीपासून हातभर उंच ओट्याची जागा. आठवड्यातून दोन दिवस, त्यांपैकी एक रविवार, ठराविक वेळ. भाव असलेला माल भंगारवाल्याने तेथल्या तेथे तोलून घ्यावा. भाव नसलेला नगरपालिकेने स्वीकारावा आणि ट्रक भरेपर्यंत कोरडा ठेवावा. नळ्या, बॅटऱ्या व औषधे यांसाठी कुलूप लावता येईल अशी निराळी खोली. मोबाइल, संगणक वगैरे विजेच्या वस्तू महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी, मान्यताप्राप्त संस्थेच्या गाडीत. उत्पादकांवर कायद्याने या वस्तूंची जबाबदारी टाकलेलीच आहे. ती वसूल करण्याचे काम नागरिकाचे नव्हे, शासनाचे आहे. आणि बाहेर एक फळा, ज्यावर कोठलीही घोषणा नसेल, फक्त काय घेतले जाईल, काय नाही, आणि जे येथे नाही ते कोठे, एवढेच मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असेल. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वराकडे जो जनसागर लोटावयाचा, त्याचा मोठा ओघ याच घाटातून वर चढतो. कोट्यवधींच्या आराखड्यांत या ओट्यासाठी एक ओळ सापडणे कठीण जाऊ नये.

घरी करावयाचे ते थोडके आहे. पिशवी रिकामी झाली की विसळून दोरीवर टाकावी. फुटकी काच पुठ्ठ्यात गुंडाळून वर तसे लिहावे. बॅटरीची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाकावीत. जुना मोबाइल देण्यापूर्वी त्यातली छायाचित्रे व हिशेब पुसावेत. रद्दी मे महिन्याच्या अखेरीस विकून मोकळे व्हावे. एका खोक्यात 'भाव नसलेले' जमा करावे, आणि खोके भरले की ओट्यावर पोचते करावे. दररोज जाण्याचे कारण नाही.

रद्दीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या धंद्याविषयीही दोन शब्द बोलणे भाग आहे. हे वर्तमानपत्र संध्याकाळपर्यंत शिळे होते आणि महिन्याअखेर काट्यावर जाते, याचे आम्हांस वैषम्य नाही. कागदाचा धागा पाच-सात वेळा तरी लगद्यातून पुन्हा कागद होऊ शकतो, हे त्यास भूषणावहच आहे. परंतु त्याच कागदात गरम वडा बांधून देण्याची चाल मात्र बंद व्हावी. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली व पुन्हा २०२३ साली तसा इशारा दिलेला आहे. आमचे अग्रलेख पचावयास जड असतात असा लौकिक आहे. ते वड्याबरोबर पोटात जावेत अशी आमची इच्छा नाही.

इगतपुरी नगरपालिकेने जागा, वार आणि वेळ निश्चित करून आमच्याकडे धाडावी. तिसऱ्या पानावर पंचांगाच्या शेजारी आणि धरणांच्या पाणीसाठ्याच्या वर एक चौकट आम्ही आजपासून मोकळी ठेवीत आहोत. तीत हा पत्ता आठवड्यातून दोनदा, विनामूल्य, वर्षभर छापला जाईल. घोटी, त्र्यंबकेश्वर, सिन्नर येथील संस्थांनी आपले पत्ते पाठविले तर त्यांनाही त्याच चौकटीत जागा आहे. पहिला पत्ता येईपर्यंत ती कोरी राहील.